पुढाऱ्यांची वक्तव्यं: शब्द तोलायचा की समोरचा माणूस पाहायचा?

माणदेशी (धागाकर्ता)

निवडणुका जवळ आल्या की, आणि अलीकडे नसल्या तरीही, दर दोन दिवसांनी कुणा ना कुणा पुढाऱ्याची पंधरा-वीस सेकंदांची क्लिप फिरते. वाहिन्या तिच्याखाली ‘बेताल वक्तव्य’ अशी पट्टी लावतात, विरोधक जोडे मारो आंदोलन करतात, दुसऱ्या दिवशी ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी’ येते आणि विषय मिटतो. यात एक गोष्ट मला फार खटकते. शिवी, शेतकऱ्याची टिंगल, बाईवरची शेरेबाजी, प्रतिस्पर्ध्याला धमकी, इतिहासाचं अज्ञान, सगळं आपण एकाच पोत्यात भरतो. मग वाद उरतो तो फक्त ‘तुमचा तो’ आणि ‘आमचा हा’ एवढाच.

माझं म्हणणं असं आहे की शब्द किती घाण होता हे आधी पाहू नये. बोलणं कुणाबद्दल होतं, त्या माणसाला उलट बोलायची सोय होती का, आणि ज्या गोष्टीवर बोललं गेलं ती गोष्ट बोलणाऱ्याच्याच हातात होती का, हे आधी पाहावं. असभ्यपणाचा हिशेब त्यानंतर.

इंदापूरचं उदाहरण घेतो, कारण तो उन्हाळा आमच्या माण-खटावने भोगलाय. एप्रिल २०१३. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या मागे. सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी उजनीत पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर ५० हून अधिक दिवस उपोषणाला बसलेला. आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत त्याचाच उल्लेख करून म्हणाले, धरणात पाणीच नाही तर काय लघवी करून भरायचं का? (त्यांचा शब्द आणखी उघडा होता.) भारनियमन वाढल्यामुळे पोरं जास्त जन्माला येतात, असा विनोदही त्याच भाषणात झाला. सभेत हशा पिकला.

पुढे महाराष्ट्रभर चर्चा झाली ती त्या एका शब्दाची. तो शब्द बाजूला ठेवून बघा. समजा ते म्हणाले असते, ‘पाऊसच नाही तर मी पाणी कुठून आणू?’ वाक्य सभ्य झालं. पण म्हणणारा माणूस १९९९ पासून दहा वर्षं पाटबंधाऱ्याचीच खाती सांभाळत होता. सिंचनावरच्या खर्चावरून उठलेल्या वादात सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं होतं आणि डिसेंबरात ते परत आले होते. म्हणजे ज्याच्याकडे पाणी मागायचं तोच माणूस मागणाऱ्याची चेष्टा करत होता, आणि मागणारा उपाशी होता. मला राग त्याचा आहे. तो शब्द नसता तरी राग तेवढाच असता.

आता याच्या शेजारी ऑगस्ट २०२१ मधलं महाड ठेवा. केंद्रीय मंत्री नारायण राणे मुख्यमंत्री उद्धव ठाकऱ्यांबद्दल म्हणाले की मी तिथे असतो तर कानाखाली वाजवली असती. २४ ऑगस्टला त्यांना संगमेश्वरात अटक झाली, रात्री महाडच्या न्यायालयात जामीन मिळाला. असभ्य होतंच. पण समोर मुख्यमंत्री होते. त्यांच्या हाताशी पोलीस, पक्ष, स्वतःचं वर्तमानपत्र, सगळं होतं. ही दोन वक्तव्यं एका मापाची नाहीत. तरी अटक झाली ती दुसऱ्यात.

माझी एकच विनंती. प्रतिसाद लिहिताना पुढाऱ्याचं नाव झाकून, तिथे आपल्या आवडत्या पक्षाच्या माणसाचं नाव घालून एकदा वाचा. मत तेच राहिलं तर लिहा.

तुळजापूरकर

भाऊ, मुद्दा पटतो, पण एक बाजू राहिली. आमच्याकडे तो शब्द शिवी नाही. म्हातारी माणसं लेकरांसमोर वापरतात. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून ग्रामीण पुढाऱ्याची भाषा तोलली की प्रत्येक वाक्य असभ्यच वाटणार. रावसाहेब दानवेंनी मे २०१७ मध्ये जालन्यात तुरीवरून शेतकऱ्यांना ‘साले’ म्हटलं तेव्हाही हाच गोंधळ. गावच्या पारावर दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द असतो.

भीमाकाठ

तुळजापूरकर, मीही गावातच राहतो आणि आमच्या घरात शेतीशिवाय दुसरं काही नाही, म्हणून हक्काने सांगतो. पारावर आपण एकमेकांना काय म्हणतो आणि मंत्री व्यासपीठावरून आपल्याला काय म्हणतो, यात फरक आहे. पारावर मी तुम्हाला म्हटलं तर तुम्ही मला तिथेच दोन शब्द ऐकवता. व्यासपीठाखाली बसलेल्याला ते करता येत नाही. त्याचा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), त्याचं अनुदान, त्याच्या पोराची बदली, सगळं वर बसलेल्याच्या हातात असतं.

दानवे तेव्हा सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते आणि त्या वर्षी तुरीचं पीक एवढं आलं होतं की खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या. पेरा वाढवा म्हणून सरकारनेच सांगितलं होतं. एवढी तूर घेतली तरी रडतात, असं त्यावर ऐकायला मिळालं. मला ‘साले’ लागलं नाही. ‘रडतात’ लागलं. केंद्रासमोर रात्र काढणारा माणूस रडत नव्हता, आपला माल मोजून घ्या म्हणत होता.

आणि ग्रामीण भाषेचंच म्हणाल तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. आयुष्यभर पाण्यावरच बोलले, दुष्काळी भागातच बोलले. त्यांना कुणाची टिंगल करावी लागली नाही. गावच्या भाषेचा आडोसा घेणाऱ्यांनी गावाचा अपमान करू नये.

तुळजापूरकर

गणपतरावांचं नाव काढलंत, आता पुढे काय बोलणार! ‘रडतात’चा मुद्दा मान्य. पण शहरी नाकाचा मुद्दा मी सोडत नाही. इंग्रजी वाहिन्यांवर हीच माणसं नेहमी गावंढळ म्हणून दाखवली जातात आणि त्यांच्याच शेजारी बसलेला सुटाबुटातला प्रवक्ता त्याहून विखारी बोलून जातो.

कुळागर

सुटाबुटातल्या बोलण्याचा विषय निघालाच आहे तर गोव्यातलं सांगतो. जुलै २०२१ मध्ये बाणावलीच्या किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर सामूहिक बलात्कार झाला. विधानसभेत प्रश्न आला तेव्हा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या उत्तराचा रोख असा होता की चौदा वर्षांची मुलं रात्रभर किनाऱ्यावर राहतात तर आईवडिलांनी आत्मपरीक्षण करावं, सगळी जबाबदारी सरकारवर आणि पोलिसांवर टाकता येणार नाही.

यात एकही वावगा शब्द नाही. शांतपणे, सभागृहाच्या भाषेत बोललेलं. गृहखातं त्यांच्याकडेच होतं. माणदेशींच्या मापाने बघितलं तर समोर कोण? दोन लहान मुली आणि त्यांचे आईबाप, जे नाव सांगून पुढे येऊन उत्तरही देऊ शकत नाहीत. गोव्यात पुष्कळ टीका झाली, मग विधानाचा विपर्यास झाला असा खुलासा आला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आमच्याकडे कुणा मंत्र्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात वाईट बोलणं आहे, आणि असभ्य वक्तव्यांच्या कुठल्याही यादीत ते सापडणार नाही.

निशिगंधा

कुळागर, अगदी. धन्यवाद हे इथे आणल्याबद्दल.

माणदेशी, तुमच्या मापात मला एक भर हवी आहे. ‘समोर कोण’ हे तुम्ही फक्त नाव घेतलेल्या माणसापुरतं बघताय. मे २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणावरच्या आंदोलनात चंद्रकांत पाटील सुप्रिया सुळेंना उद्देशून म्हणाले की राजकारण कळत नसेल तर घरी जा, स्वयंपाक करा. तुमच्या हिशेबाने ही दोन तोलामोलाच्या पुढाऱ्यांमधली खडाजंगी. सुळे खासदार आहेत, त्या उत्तर द्यायला समर्थ आहेत. पण ते वाक्य त्यांच्यापाशी थांबत नाही. ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेल्या, बैठकीत तोंड उघडताना अजून चाचरणाऱ्या बाईपर्यंत ते जातं. तिला ते वाक्य आधीपासून घरातून, गावातून ऐकू येत असतं. आता ते पक्षाच्या प्रदेशाध्यक्षाने म्हटलं. पुढे त्यांनी महिला आयोगाकडे दिलगिरी व्यक्त केली, त्याची नोंद करते.

सप्टेंबर २०१८ मध्ये राम कदम घाटकोपरच्या दहीहंडीत म्हणाले की मुलगी नकार देत असेल आणि तुमच्या आईवडिलांना ती पसंत असेल तर मी तिला पळवून आणून देईन. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर टीका केली नाही, ते गर्दीला मदत देऊ करत होते. समोर मुली उभ्या होत्या. प्रसंग हंडीचा, वातावरण आनंदाचं, आणि आमदार सांगतोय की तुझ्या नकाराला किंमत नाही. अशा वेळी ‘कुणाबद्दल बोलले’ या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाबद्दलच नाही’ असं येईल आणि तुमच्या मापातून ते निसटेल.

आणखी एक उदाहरण देते, कारण तिथे जागेलाही महत्त्व आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिरीश महाजन साखर कारखान्याच्या कार्यक्रमात म्हणाले की दारूचा खप वाढवायचा असेल तर बायकांची नावं द्या. हे कुठे म्हणाले? शहाद्याला. त्याच शहादा तालुक्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भिल्ल बायकांनी गावोगावी जाऊन दारूचे अड्डे बंद पाडले होते, मडकी फोडली होती. आजही या राज्यात दुकान बंद करायला बायकांना उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान घ्यावं लागतं, त्यासाठी सह्या गोळा कराव्या लागतात, नवऱ्याचा मार खावा लागतो. त्या मातीत उभं राहून एका मंत्र्याने हा विनोद केला. त्यांनी माफी मागितली. पण बातम्यांमध्ये कुणीही शहाद्याच्या त्या बायकांची आठवण काढली नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

माणदेशी

निशिगंधाताई, ही भर हवीच होती. शहाद्याचा संबंध माझ्या ध्यानात नव्हता. तर माप असं करू: नाव कुणाचं घेतलं यापेक्षा बोलणं कुणापर्यंत पोचतं आणि तिथे काय करतं.

अधिवक्ता

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ‘यांना कायद्याने आवर घाला’ असं कुणीतरी म्हणेलच.

२०१६ मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरजवळ महामार्गावर एका कुटुंबातल्या मायलेकींवर सामूहिक बलात्कार झाला. तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी यामागे राजकीय कट असू शकतो असं म्हटलं. पीडित कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. खान यांनी बिनशर्त माफी मागितली, पण मूळ प्रश्न घटनापीठाकडे गेला: मंत्र्यांच्या बोलण्यावर जास्तीची बंधनं घालता येतील का? ३ जानेवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. कलम १९(२) मध्ये जी कारणं दिली आहेत त्यापलीकडे बंधनं घालता येणार नाहीत, यावर सगळे सहमत. मंत्र्याचं विधान सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाने सरकारच्या माथी मारता येणार नाही, असं चौघांनी ठरवलं. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. मंत्री अधिकारपदावरून बोलत असेल आणि ते सरकारच्या भूमिकेशी जुळत असेल तर ते सरकारचं मानावं, आणि पक्षांनी आपल्या माणसांसाठी आचारसंहिता करावी, असं त्यांनी लिहिलं.

मला त्यांचं मत पटतं, पण बहुमताचा निकालही मला चुकीचा वाटत नाही. असभ्यतेवर कायदा केला तर तो पहिल्यांदा वापरला जाईल तो मंत्र्यावर टीका करणाऱ्या पोरांवर.

सभागृहात तर आणखी संरक्षण आहे. कलम १०५ आणि १९४ मुळे तिथल्या बोलण्यावर खटला चालत नाही. अध्यक्ष शब्द कामकाजातून काढून टाकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत रमेश बिधुडी यांनी दानिश अली यांना धर्मावरून ज्या शिव्या दिल्या, त्या कामकाजातून काढल्या गेल्या, पण थेट प्रक्षेपणातून देशभर गेल्याच होत्या. निवडणुकीच्या काळात आयोग थोडंफार करू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास प्रचारबंदी केली होती. वेगवेगळ्या पक्षांची माणसं होती हे मुद्दाम सांगतो.

पिंपळपान

कायद्याचं सोडा, मतदारांचं काय? श्रीपाद छिंदम आठवतो का? फेब्रुवारी २०१८, अहमदनगरचा उपमहापौर. फोनवर शिवाजी महाराजांबद्दल आणि शिवजयंतीबद्दल जे बोलला ते इथे लिहिणार नाही. पक्षाने काढलं, अटक झाली, पद गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात महापालिकेची निवडणूक झाली. अपक्ष उभा राहिला आणि निवडून आला! ज्या महाराष्ट्रात महाराजांच्या नावावर बंद होतात, त्या महाराष्ट्रात.

भीमाकाठ

पिंपळपान, ते प्रभागाचं राजकारण असतं. गटार, नळ, दाखले. माणूस हाकेला येतो म्हणून मत पडतं. मी त्याचं समर्थन करत नाही, पण मतदाराला दोष देऊन सुटू नका. पक्षांनी काय केलं ते विचारा. पंढरपूर भागातल्या सभेत २०१७ साली प्रशांत परिचारक सैनिकांच्या बायकांबद्दल जे बोलले, त्यावर विधान परिषदेने त्यांना दीड वर्षासाठी निलंबित केलं. मुदत पुरी व्हायच्या आत, २०१८ मध्ये, निलंबन मागे घेण्याचा ठराव सभागृहात आला. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली पोरं सैन्यात आहेत. त्यांच्या घरी हे कसं ऐकलं गेलं असेल याचा विचार ठराव मांडणाऱ्यांनी केला नाही.

दादरकर

मंडळी, मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे. कुळागरांनी सभ्य भाषेतल्या बोलण्याचं सांगितलं, त्याला जुना आधार देतो. २० नोव्हेंबर १९५५, चौपाटीची सभा. स. का. पाटील म्हणाले की पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मोरारजी देसाई म्हणाले की काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही. दोघेही खादीतले, शिस्तीचे, तोंडून शिवी न काढणारे. लोकांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, माणसं मेली. मोरारजी तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते.

आमच्या घरात वडील मोरारजींचं नाव घेत नसत. त्या पिढीने आचार्य अत्र्यांच्या सभा ऐकल्या. अत्रे विरोधकांवर ज्या भाषेत तुटून पडत ती आज कुणी वापरली तर तुम्ही बेतालच म्हणाल. पण अत्रे बोलत होते सत्तेवर बसलेल्यांना, आणि ज्यांच्यासाठी बोलत होते ती गिरणगावातली माणसं होती. म्हणून मराठी माणसाने एकाचं बोलणं डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याचं सत्तर वर्षांनीही विसरला नाही. माणदेशी म्हणतात ते माप नवं नाही. जनतेने ते कधीच लावलं आहे.

निशिगंधा

काका, सादर नमस्कार. तरी एका ठिकाणी मी थांबते. सत्तेवर बोलणाऱ्याला सगळं माफ, असं झालं तर त्या मोकळिकीत पहिला बळी बाईचा जातो. विरोधक पुरुष असला तर त्याच्या बायकोवर, आईवर बोललं जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अब्दुल सत्तार यांनी सुप्रिया सुळेंबद्दल शिवी वापरली, सप्टेंबर २०२५ मध्ये गोपीचंद पडळकर जतच्या सभेत जयंत पाटलांच्या वडिलांपर्यंत गेले. राजारामबापू हयात नाहीत, तेही उत्तर देऊ शकत नाहीत. पुढाऱ्याच्या कारभारावर कितीही कडक बोला, त्याच्या घरात शिरू नका, ही रेघ मला सोडायची नाही.

दादरकर

बाळ, ती रेघ मलाही मान्य आहे.

पायवाट

माणदेशी, राणेंचं वक्तव्य तुम्ही फार हलक्यात सोडलंत. बरोबरीच्या दोघांचं भांडण म्हणता, पण त्या दिवशी नाशिकला भाजपच्या कार्यालयावर दगडफेक झाली, मुंबईत कार्यकर्ते एकमेकांना भिडले. नेते जामिनावर त्याच रात्री सुटले. दगड मारणाऱ्या आणि खाणाऱ्या पोरांच्या अंगावर गुन्हे राहतात, पासपोर्टला, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला ते आडवे येतात. आमच्या वस्तीतला एक मुलगा अशाच एका राड्यानंतर पोलीस भरतीला मुकला. मारण्याची भाषा नेत्याने नेत्याबद्दल केली तरी मार खाणारा तिसराच असतो.

माणदेशी

पायवाट, ‘बोलणं कुणापर्यंत पोचतं’ त्यात तुमचा मुलगाही येतो. इंदापूर आणि महाड यांना मी एका पायरीवर ठेवणार नाही, पण महाडला मी हलकं म्हटलं होतं त्याहून ते जड आहे, हे पटलं.

अधिवक्ता

एक सूचना. क्लिपवरून मत बनवू नका, पूर्ण भाषण ऐका. कधी पूर्ण ऐकल्यावर बोलणाऱ्याची बाजू सावरते, कधी आणखी बिघडते. जुलै २०२२ मध्ये राज्यपाल कोश्यारी अंधेरीत म्हणाले की गुजराती आणि राजस्थानी लोक काढले तर मुंबई-ठाण्यात पैसाच उरणार नाही, आर्थिक राजधानी म्हणवता येणार नाही. खुलासा आला की एका समाजाचं कौतुक करायचं होतं. पूर्ण ऐकलं तरी मराठी कष्टकऱ्याचं श्रेय पुसलं जातंच. शेवटी त्यांनी माफी मागितली.

याच्या उलट आर. आर. पाटील.

तासगावकर

आबांचं नाव निघालं म्हणून लिहितो, एरवी फक्त वाचत असतो.

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर आबा हिंदीत बोलले. बड़े शहरों में छोटे हादसे, एवढाच तुकडा देशभर फिरला. पुढचं वाक्य असं होतं की ते पाच हजार माणसं मारायला आले होते, आपण नुकसान कमी केलं. हिंदी त्यांची भाषा नव्हती. पोलिसांच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून ते बोलत होते. १ डिसेंबर २००८ ला त्यांनी राजीनामा दिला. ज्या माणसाने ग्रामस्वच्छता अभियान आणलं, डान्सबार बंद करायचा निर्णय घेतला, ज्याची आई आमदारकीनंतरही गावच्या साध्या घरात राहत होती, त्याला असंवेदनशील ठरवलं गेलं. इथे वर ज्यांची नावं आली त्यातले बहुतेक खुर्चीवर राहिले. आबांची खुर्ची गेली.

भीमाकाठ

आबांबद्दल आमच्याही घरात आदर आहे. पण तासगावकर, ज्यांच्या घरातला माणूस सीएसटीच्या फलाटावर पडला त्यांनी ते वाक्य कसं ऐकावं? गृहमंत्री होते ते.

तासगावकर

मान्य. म्हणून तर राजीनामा योग्यच होता असं मीही म्हणतो. माझं दुखणं वेगळं आहे. आबांनी जे केलं तो नियम व्हायला हवा होता, तो अपवाद ठरला.

पायवाट

तेच बघा ना. जून २०२५, परतूर. बबनराव लोणीकर टीका करणाऱ्या पोरांना म्हणाले की तुमच्या अंगावरचे कपडे, पायातले बूट, हातातला मोबाईल आमच्या सरकारमुळे आहे, तुझ्या बापाला पेरणीला पैसे आम्ही दिले. विधानसभेत यावरून गदारोळ झाला, १ जुलैला एक दिवसासाठी निलंबन झालं ते जाब विचारणाऱ्या नाना पटोलेंचं. त्याच वर्षी कृषिमंत्री माणिकराव कोकाटे एक रुपयाच्या पीकविम्यावर म्हणाले की भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही. पुढे कर्जमाफीचे पैसे लग्नावर उडवता, असंही म्हणाले. तेव्हा खातं गेलं नाही. सभागृहात मोबाईलवर पत्ते खेळतानाचा व्हिडिओ आला तेव्हा, जुलैच्या शेवटी, कृषी खातं काढून क्रीडा दिलं.

भीमाकाठ

पत्ते मला एवढे लागले नाहीत. पीकविम्याचा अर्ज भरायला मी सेतू केंद्रात रांगेत उभा राहतो. तो एक रुपयाचा विमा मी मागितला नव्हता, योजना सरकारने काढली. कर कुणाचा, पैसा कुणाचा, हे लोणीकर आणि कोकाटे दोघेही विसरले. देणारे आपण आणि घेणारे तुम्ही, अशी समजूत एकदा झाली की तोंडातून असंच निघतं. ती समजूत सभ्य भाषणातही ऐकू येते. ‘आम्ही तुम्हाला दिलं’ हे वाक्य प्रत्येक सभेत असतं, त्यावर टाळ्या पडतात, आणि त्याची बातमी होत नाही.

निशिगंधा

माफीबद्दल कुणी लिहिलं नाही. ‘भावना दुखावल्या असतील तर’ या माफीत दोष ऐकणाऱ्याच्या भावनेवर ढकललेला असतो. काय बोललो, कुणाबद्दल बोललो, ते का चूक होतं, यातलं काहीच नसतं. अजित पवारांनी निदान माफी मागितली आणि १४ एप्रिल २०१३ ला कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. इतरांच्या मानाने ते जास्त होतं असं मला वाटतं. भीमाकाठ, तुम्ही त्याच पट्ट्यातले. तुम्हाला काय वाटलं होतं?

भीमाकाठ

ताई, खरं सांगतो. टीव्हीवर पाहिलं तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं, पुढारी एवढं तरी करतो म्हणाले. मला पटलं नाही. विनोद ज्याच्यावर झाला तो माणूस आझाद मैदानावर होता, पाणी उजनीत हवं होतं, आणि आत्मक्लेश कराडला झाला. आझाद मैदान मंत्रालयापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. त्या माणसापाशी जाऊन खाली बसायचं, त्याच्याकडून पाण्याचा हिशेब ऐकायचा आणि कुठल्या धरणातून किती सोडता येईल ते तिथेच अधिकाऱ्यांना विचारायचं. मी तेवढ्यावर सगळं विसरलो असतो, शब्दासकट.